आत्याची तीन मांजरं

प्रश्न: माझी आत्या एकटी राहते. तिला कॅन्सर झाला आहे आणि लवकरच केमो सुरू होईल. तिच्याकडे 14 वर्षांची मनी आणि एकाच वेतातले 4 वर्षांचे दोन बोके आहेत. घरचे म्हणतात, मांजरं आताच देऊन टाका. 'मांजरं फुकट देणे आहे' अशी जाहिरात टाकू का? विषय काढला की आत्या रडते.

उत्तर: जाहिरात टाकू नका. फुकट मिळालेलं मांजर हौस फिटली की तितक्याच सहज पुढे ढकललं जातं, असं मी पुष्कळदा पाहिलंय. आणि द्यायची की नाही, हे तरी ठरलंय कुठे?

केमोत प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे काळजी हवीच. मांजराच्या बाबतीत मुख्य भीती असते टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची. पण विष्ठेतून पडलेली त्याची अंडी लागण करण्याजोगी व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मांजरांचा शी-शूचा ट्रे रोज साफ व्हायला हवा आणि तो आत्यांनी करायचा नाही. मांजरं घरातच राहत असतील, कच्चं मांस खात नसतील तर धोका आणखी कमी. चावलं, ओरखडलं तर जखम साबणपाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना कळवायचं. मांजरं ठेवण्याबद्दल त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा. नातेवाइकांचा अंदाज इथे कामाचा नाही.

खरी अडचण येईल ती आत्यांना अंथरुणातून उठवत नाही अशा दिवसांत. त्यासाठी रोज येणारं माणूस मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं, तर काही महिन्यांपुरता सांभाळ शोधा. परत कधी न्यायची, दवाखान्याचा खर्च कोणी करायचा, हे कागदावर लिहून घ्या. नात्यातल्या माणसाकडूनही, किंबहुना त्याच्याकडून आधी.

कायमचं घर शोधायची वेळ आलीच, तर बोके एकत्रच द्या. एकमेकांना चाटून, एकमेकांवर रेलून झोपणारे असतील तर वेगळे करणं मला पटत नाही. मनीला मात्र शांत घर हवं, शक्यतो तिला ओळखणाऱ्या माणसाचं. या वयात मूत्रपिंड आणि थायरॉइडचे त्रास बरेचदा निघतात, म्हणून देण्याआधी रक्त तपासून घ्या आणि जे निघेल ते नव्या माणसाला सांगा. लपवलंत तर मनी महिन्याभरात परत येईल. तिघांचीही लसीकरणाची, नसबंदीची कागदपत्रं सोबत द्या. घर स्वतः जाऊन बघा: खिडक्यांना जाळी आहे का, भाड्याचं असेल तर घरमालकाला चालणार आहे का.

आता आत्यांचं रडणं. 'ठेवायची की द्यायची' असं विचारल्यावर कोण रडणार नाही? वही घेऊन शेजारी बसा आणि त्या सांगतील ते उतरवून घ्या. कोण ओलं खाणं चाटून कोरडं ठेवतो, कोणाला पोटाला हात लावलेला खपत नाही, कोण पाहुणे आले की कपाटावर जाऊन बसतो. ही माहिती दुसऱ्या कोणाकडेच नाही. कोण कुठे रमेल तेही त्यांनाच विचारा. माणूस आजारी पडलं म्हणून त्याचं मत संपत नाही.

न्यायच्या आधी काही दिवस पिंजरा उघडा ठेवून आत आत्यांचा न धुतलेला टॉवेल घाला. नव्या घरी सुरुवातीला एकच खोली, तोच जुना ट्रे, तेच खाणं. दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाहीत तरी ओढून काढू नका. खाण्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दिवसभर तोंडाला काहीच लावलं नाही तर व्हेटला फोन करा. मांजर सलग उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकतं, जाड मांजराच्या तर विशेष. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना. आणि निदान काही आठवडे कोणालाही बाहेर सोडू नका, जुन्या घराच्या शोधात निघतात.

नव्या माणसाला फोटो पाठवायला सांगा, पण जेवतानाचे. झोपलेल्या मांजराच्या फोटोवरून आत्यांना काही कळणार नाही.