ग्लासगोत १९१० च्या सुमारास फुटबॉल खेळणारे पणजोबा कॅथलिक होते की प्रोटेस्टंट, हे कसं शोधायचं?

क्लबवरून धर्म ठरवू नका, ही पहिली विनंती. सेल्टिक क्लब १८८७ मध्ये आयरिश कॅथलिक गरिबांच्या मदतीसाठी निघाला खरा, पण त्यात प्रोटेस्टंट खेळाडूही खेळत होते.

जनगणनेतही हे सापडणार नाही. स्कॉटलंडच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न थेट २००१ मध्ये आला. पण १९०१, १९११ आणि १९२१ च्या नोंदी जरूर पाहा. पत्ता, व्यवसाय, घरात कोण कोण होतं, सगळं कळतं. व्यवसाय ‘कोळसा खाणकामगार’ दिसला तरी माणूस चुकीचा समजू नका, कारण खाणीत काम करून खेळणारे पुष्कळ होते.

खरा पुरावा लग्नाच्या दाखल्यात. ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर थोडे पैसे भरून त्याची प्रतिमा मिळते. तारीख-ठिकाणाखालची ओळ नीट वाचा: लग्न ‘चर्च ऑफ स्कॉटलंड’च्या (म्हणजे प्रोटेस्टंट) पद्धतीने झालं की ‘रोमन कॅथलिक चर्च’च्या, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. मात्र तिथे ‘शेरीफचं वॉरंट’ (शेरीफ म्हणजे स्थानिक न्यायाधीश) असा उल्लेख असेल, तर ते चर्चशिवाय, नुसतं साक्षीदारांसमोर केलेलं लग्न. त्यावरून धर्म कळत नाही. मग त्याच संकेतस्थळावरच्या कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळा.

आडनाव सर्रास आढळणारं असेल तर पणजोबांचा जन्मदाखला आधी काढा. स्कॉटिश जन्मदाखल्यात आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि गावही असतं. त्यावरून एक पिढी मागे जाता येतं आणि खापरपणजोबांचं लग्न कुठल्या चर्चच्या पद्धतीने झालं, तेही बघता येतं.