चूक कुणाची, हे आधी लिहून देऊ नकोस

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र डाव्या हाताने लिहिलेले आहे हे अक्षरावरूनच कळले. पण त्याहून अधिक खटकले ते ‘चूक माझीच, मालकांकडे काय मागायचे?’ हे वाक्य. पत्रा दाबून कापणाऱ्या ज्या पॉवर प्रेसवर तुझ्या तर्जनीची दोन पेरी गेली, तिची दोन्ही बटणे एकदम दाबल्याशिवाय स्लाइड, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येऊ नये आणि दोन्ही हात आपोआप डायबाहेर, म्हणजे खालच्या साच्याबाहेर, राहावेत, अशी योजना असते. एक बटण दाबलेलेच राहावे म्हणून त्यात पुठ्ठ्याची घडी कोंबलेली होती आणि ती तू रुजू होण्याआधीपासून तिथे होती, असे तूच लिहितोस. उत्पादन वाढावे म्हणून कोल्हापूरजवळच्या कारखान्यांत, शिरोलीत काय, गोकुळ शिरगावात काय, अशा घड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ती तुझी चूक कशी?

१९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतलेले तत्त्व असे, की अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला असेल, तर मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज कामगारावर नसते. दारूच्या नशेत असणे किंवा सुरक्षा साधन जाणूनबुजून काढून टाकणे अशा मोजक्या सबबी मालकाला मिळतात खऱ्या. परंतु दुसऱ्याने कोंबलेला पुठ्ठा तुझ्या माथी मारता येत नाही.

तू ईएसआयखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असशील, तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो, आणि तो लाभ चालू असेपर्यंत मालकाला तुला कामावरून काढता येत नाही. कायमच्या अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवते. ईएसआय लागू नसेल, तर भरपाई मालकाने द्यायची. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीची दोन पेरी गेल्यास कमाईची क्षमता ११ टक्के घटली असे धरले आहे. मासिक वेतन १२,००० रुपये आणि वय २० धरले, तर वेतनाच्या ६० टक्के, म्हणजे ७,२००, गुणिले या वयासाठी कायद्याने ठरवलेला गुणक २२४, आणि त्याचे ११ टक्के: १,७७,४०८ रुपये. मालकांनी तुला देऊ केलेले दहा हजार याच्या शेजारी ठेवून पाहा. हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली, तरी तो करार कायद्याने निरर्थक ठरतो. तरीसुद्धा सही करू नकोस, कारण नंतरची धावपळ तुलाच करावी लागेल.

माझी गोष्ट सांगतो. तरुणपणी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर माझा अंगठा चिरडला, तेव्हा डॉक्टरांनी विचारल्यावर सोबतच्या मुकादमाने ‘घरी विळीवर कापले’ असे सांगून टाकले. मी कण्हत गप्प राहिलो. त्या केसपेपरवरच्या तीन शब्दांपुढे माझे म्हणणे पुढे कुणी ऐकले नाही. तुझ्या केसपेपरवर अपघाताचे ठिकाण काय लिहिले आहे, ते आजच वाच. चुकीचे असेल, तर दुरुस्तीचा लेखी अर्ज दे आणि पोच घे. मालकालाही अपघाताची लेखी माहिती दे. दाव्याची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असली, तरी ती आरामात घालवण्यासाठी नाही, कारण साक्षीदार नोकऱ्या बदलतात.

रविवारी माझ्याकडे ये. येताना पगाराची स्लिप, केसपेपर आणि आधार कार्ड आण. आणि आज रात्रीच, जमेल तसे, त्या प्रेसचे चित्र काढून पुठ्ठा कुठल्या बटणात होता तिथे खूण करून ठेव.

तुझा,
काका