कासच्या तलावावर पहिल्यांदा कॅमेरा नेताना

कासच्या तलावावर पक्ष्यांचे फोटो काढायला नवी लेन्स घ्यावी का, असं विचारलंत. तुमची ७०-३०० मिमीची झूम लेन्स सुरुवातीला पुरेशी आहे, नवी घेऊ नका. फुलांचा हंगाम सोडून हिवाळ्यात जा आणि सूर्योदयाआधी अर्धा तास काठावर पोचा. ऊन चढलं की वारा सुटतो, पाणी हलतं आणि प्रतिबिंब मोडतं. पोलरायझर (लेन्सवर लावून फिरवायचा, चकाकी कापणारा फिल्टर) घरीच ठेवा. पूर्ण फिरवला तर तो प्रतिबिंबच पुसतो, वर प्रकाशही खातो.

सेटिंग एवढंच:
- शटर: बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडणाऱ्याला १/१६००. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, ती वाढली की फोटो दाणेदार होतो) ऑटोवर. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.
- फोकस सलग मोडवर (पक्षी हलला की फोकसही त्याच्यामागे जातो), एकच बिंदू, तो डोळ्यावर.
- धुक्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) +०.७, नाहीतर धुकं करडं येतं. उन्हातल्या बगळ्याला उलट, −०.७, नाहीतर त्याची पिसं पांढरीफट्ट होऊन तपशील उडतो.

नव्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभ्यानं, वरून फोटो काढणं. त्यात टिबुकली, म्हणजे बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी, पाण्यावरचा ठिपका होते. काठावर पालथे पडा, लेन्स पाण्यालगत आणा. मागचं पाणी आपोआप धूसर होतं. तिच्या मागे धावूही नका. ती बुडी मारते आणि थोड्या वेळानं दुसरीकडे वर येते, म्हणून एका जागी बसून राहिलात तर बरेचदा स्वतःच जवळ येते. पक्ष्यानं चरणं थांबवून मान ताणली की तुम्ही फार जवळ गेलात, तिथेच थांबा. घरट्याचे फोटो नकोतच. आणि झाडीत गवा दिसला तर कॅमेरा खाली करून हळूच मागे या.

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), फिल्टर वगैरे पुढच्या खेपेला बोलू.