हॅशटॅग आणि ऑनलाइन सह्यांनी अभिव्यक्ती स्वातंत्र्य वाचतं का?

इंटरनेटवरच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी ऑनलाइन आवाज उठवून काही हाती लागतं का, असं तुम्ही विचारलंय. लागतं. मात्र तो आवाज कोर्टापर्यंत किंवा सरकारी फायलीपर्यंत नेणारं कुणीतरी हवं.

पालघरचंच प्रकरण घ्या. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरेंच्या अंत्ययात्रेचा दिवस. मुंबईतला बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, अशा अर्थाची पोस्ट एका तरुणीने फेसबुकवर टाकली. मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. नुसत्या लाइकसाठी अटक! देशभर लोक फेसबुक-ट्विटरवर भडकले, पोलीस अधिकारी निलंबित झाले, पुढे केसही बंद झाली.

पण ज्याच्या जोरावर हे घडलं, ते आयटी कायद्याचं कलम ६६अ जागच्या जागी होतं. कुणाला मजकुराने त्रास झाला, गैरसोय झाली, एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत कैद! त्याच महिन्यात दिल्लीच्या २१ वर्षांच्या श्रेया सिंघलने सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. २४ मार्च २०१५ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ते कलम रद्द केलं. चर्चा करणं आणि एखादं मत हिरिरीने मांडणं, मग ते कितीही नावडतं असो, हा हक्क आहे; सरकारला रोखता येतं ते फक्त चिथावणीला, असं निकाल सांगतो. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

तरी पोलीस ठाण्यांत त्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना पुन्हा पुन्हा कोर्टात गेली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये कोर्टाला परत बजावावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. म्हणून ओळखीत कुणाला पोस्टवरून पोलिसांचं बोलावणं आलं, तर आधी कलम कुठलं लावलंय ते विचारा आणि एफआयआरची प्रत मागा.

सह्यांचं म्हणाल, तर २०१५मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखीच वागणूक द्यावी यासाठी, ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले आणि फेब्रुवारी २०१६मध्ये नियम लोकांच्या बाजूने आला. हा नियम येण्याआधी, निवडक वेबसाइट फुकट देणाऱ्या आपल्या फ्री बेसिक्स योजनेच्या बाजूने फेसबुकने लोकांना लाखो तयार ईमेल पाठवायला लावले होते. आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच त्यांत नाहीत, असं ट्रायने सुनावलं. सरकारने एखाद्या नियमाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला, की मुदत संपायच्या आत, नियमाचा क्रमांक घालून, स्वतःच्या शब्दांत हरकत पाठवा.