उरलेल्या गोळ्या

*“माझे मिस्टर सुरतला उधन्याच्या मिलमध्ये कामाला आहेत. कानबाईच्या सणाला घरी आले तेव्हा लघवीला जळजळ होती, पू जात होता. डॉक्टरकडून आल्यावर कबूल केलं की तिकडे एका बाईशी संबंध आला. डॉक्टरांनी दोघांनाही आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. त्यांनी पूर्ण घेतल्या, बरे झाले. मला काहीच त्रास नव्हता, त्यात रोटांची गडबड, मी दोन-तीनच घेतल्या. ते परत जाईपर्यंत आमचं नेहमीसारखंच होतं. आता फोनवर म्हणतात, पुन्हा जळजळ सुरू झाली. म्हणजे पुन्हा तिच्याकडे गेलेच ना? मोठ्या जाऊबाईंना सांगू का? माहेरी निघून जाऊ का? मला एड्स तर झाला नसेल?”*
*— एक बहीण, अमळनेर तालुका*

ताई, तुमच्या पत्रात जाऊबाई आहेत, माहेर आहे, ती सुरतची बाई आहे. गोळ्यांवर मात्र एकच ओळ, तीही जाता जाता. मी तिथेच अडले.

त्यांनी गोळ्या संपवल्या, तुम्ही संपवल्या नाहीत आणि ते जाईपर्यंत संबंध चालू होते. मग दुखणं परत यायला ती बाईच कशाला हवी? ते तुमच्याकडूनही परत गेलेलं असू शकतं. ते पुन्हा गेलेही असतील, मी त्यांची वकिली करत नाहीये. शिवाय हा परमा (संबंधातून लागणारा गनोरिया) असेल, तर त्याचे जंतू हल्ली बऱ्याच औषधांना जुमानत नाहीत, तेही कारण असेल. पण तपासणीआधी फोनवर निकाल देऊन मोकळ्या होऊ नका.

“माले काहीच तरास नही” असं म्हणत आपल्याकडच्या किती बाया दुखणं अंगावर काढतात! परमा झाला की पुरुषाला बहुधा चार-आठ दिवसांत कळतं, लघवीला बसलं की आग होते. बाईला परमा किंवा क्लॅमिडिया (संबंधातूनच लागणारा दुसरा रोग) असला तरी अनेकदा काहीच जाणवत नाही. जाणवलंच तर अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं आणि आपण ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसतो. तोवर जंतू गर्भाशयातून नळ्यांपर्यंत चढतो. नळ्या बंद झाल्या आणि दिवस राहिले नाहीत, की घरात बोल कुणाला लागतो हे मी सांगायला नको.

तेव्हा उद्या सकाळी धुळ्याची एसटी पकडा. गावात ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती नको, म्हणून धुळे म्हणते. तिथे हिरे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचा व गुप्तरोगाच्या ओपीडीत जा. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा. त्या आज रात्रीपासून आपल्या मनाने सुरू करू नका. पाळी चुकली असेल तर ते आधी सांगा, काही गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत. मिस्टरांना रजा टाकून यायला लावा. तपासणी दोघांची आणि औषधही दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, नाहीतर हेच चक्र पुन्हा. डॉक्टर ‘आता हरकत नाही’ म्हणेपर्यंत जवळ येणं बंद. ते रुसले तर रुसू द्या.

एचआयव्हीची भीती घेऊन रात्री जागू नका, त्याच रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्हीच्या सल्ला व तपासणी केंद्रात) तपासणीला रक्त द्या. फुकट होतं. गरमीचीही (सिफिलिसची) तपासणी सोबत करून घ्या. आज निगेटिव्ह आलं तरी शेवटच्या संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा करायचं, कारण लागण झाल्या झाल्या ती रक्तात दिसत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, मोजके अपवाद सोडले तर, तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही. जायच्या आधी धीर होत नसेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. (संबंधाला ७२ तास व्हायचे असतील, तर एचआयव्ही रोखण्याच्या गोळ्या सुरू करता येतात, २८ दिवसांच्या. तुमची ती वेळ गेली, पण हे वाचणाऱ्या कुणाची तरी असेल. त्याने हे पान बाजूला ठेवून आधी सरकारी रुग्णालय गाठावं.)

जाऊबाईंना तूर्त काही सांगू नका. माहेरचं रिपोर्ट हातात आल्यावर ठरवा आणि तेव्हा मला पुन्हा लिहा. तुमच्या मिस्टरांबद्दल मलाही बरंच बोलायचंय.