युगांडातल्या जिंजा शहराचा आपल्या जिंजीशी काही संबंध आहे का? नावाचा अर्थ काय?

काडीचाही नाही. आमच्या मेहुण्यांनी घरच्या ग्रुपवर 'राजाराम महाराजांच्या काळात मराठे आफ्रिकेत पोचले होते, पुरावा : जिंजा' असा फॉरवर्ड टाकला आणि त्यावरून भाचीच्या साखरपुड्यात भर पंगतीत आमची जुंपली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी जिंजाजवळ एका साखर कारखान्यात नोकरीला होतो. एकदा पावसात उसाचा ट्रॅक्टर चढावर बंद पडला, ब्रेक धरेना, ट्रेलर मागे सरकायला लागला. ड्रायव्हर वरून ओरडला, 'लेता एज्जिंजा!' दोन पोरं धावली, चिखलातून एक धोंडा उपसला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. एज्जिंजा म्हणजे लुगांडा भाषेत दगड. संपला विषय.

व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जिथे बाहेर पडते तिथे खडकांची रांग आणि धबधबा होता, त्या खडकांवरून हे नाव. १८६२ साली स्पीक हा इंग्रज शोधप्रवासी तिथे पोचला. लोक या धबधब्याला 'दगड'च म्हणतात हे त्यानेही लिहून ठेवलंय. तरी पठ्ठ्याने नाव दिलं लॉर्ड रिपनचं! (हो, तेच, पुढे आपले व्हाइसरॉय.) १९५४ मध्ये ओवेन फॉल्स धरण झालं आणि धबधबा पाण्याखाली गेला.

मेहुणे म्हणाले, 'हा इंग्रजांनी लिहिलेला इतिहास.' अहो, आमचा ड्रायव्हर कुठे इंग्रज होता? आणि जिंजी तरी मराठी नाव आहे का? तिथल्या तमिळ लोकांची ती सेंजी. राजाराम महाराज १६८९ मध्ये मोगलांना चुकवत तिथे गेले, मग वेढा पडला तो १६९८ पर्यंत. त्या धामधुमीत नाईलकाठी गाव वसवायला कोणाला सवड होती?

वापराचं म्हणाल तर शेवटचा 'जा' 'राजा'तला, 'जागा'तला नव्हे. 'जिंज्याला' नको, 'जिंजाला' लिहा. आणि 'जिंजा रोड' राजधानी कंपालात आहे, बोडावाल्याला (म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला) नीट सांगा.

भारतीयांचा तिथे संबंधच नाही असं मात्र नाही. मेन स्ट्रीटवरच्या कितीतरी जुन्या इमारती आपल्याकडून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या; १९७२ मध्ये इदी अमीनने त्यांना हाकललं. गांधीजींच्या काही अस्थी १९४८ मध्ये तिथेच नाईलमध्ये सोडल्या. पण नाव या सगळ्याच्या आधीचं.

जपानी 'जिंजा' म्हणजे शिंतो देऊळ, तेही वेगळं. ते मेहुण्यांना अजून सापडलेलं नाही, कृपया कोणी पाठवू नका.