वाचकांचे प्रश्न : उथळ पाण्याखालील छायाचित्रण

प्रश्न : छातीपर्यंत खोल, स्वच्छ समुद्राच्या पाण्यात मी जलरोधक पेटीतील छोट्या कॅमेऱ्याने माशांची छायाचित्रे घेतली. डोळ्यांना सारे स्पष्ट दिसत होते. छायाचित्रे मात्र हिरवट, धूसर आली आणि फ्लॅश वापरताच त्यांवर पांढरे ठिपके उमटले. लाल फिल्टर घ्यावा का?

उत्तर : तूर्त घेऊ नये. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते हे खरे. परंतु येथे केवळ खोली मोजून भागत नाही, तर पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत प्रकाशाने पाण्यातून कापलेले सगळे अंतर मोजावे लागते. मासा 1 मीटर खोल आणि आपल्यापासून 3 मीटर दूर असेल, तर प्रकाशाने किमान 4 मीटर पाणी ओलांडलेले असते. तोच मासा अर्ध्या मीटरवरून टिपल्यास रंग आणि स्पष्टता, दोन्ही बऱ्याच अंशी परत मिळतात. लाल फिल्टर रंगात भर घालत नाही, तो निळा-हिरवा प्रकाश अडवतो. इतक्या उथळ पाण्यात त्यामुळे चित्र उलट लालसर होते.

जवळ जाण्यात एक फसगत असते. मास्कच्या सपाट काचेतून वस्तू खऱ्या अंतराच्या साधारण तीन चतुर्थांश अंतरावर भासते. त्यामुळे पुरेसे जवळ आलो असे वाटल्यावरही थोडे पुढे सरकावे. झूम वापरून हे साधत नाही, कारण मधले पाणी तेवढेच राहते. माशाचा पाठलागही करू नये. त्यातून शेपटीचीच छायाचित्रे हाती लागतात, हा जवळपास प्रत्येक नवशिक्याचा अनुभव आहे. एका जागी स्थिर तरंगत राहिल्यास मासे बहुधा स्वतःच जवळ येतात आणि पायांनी वाळूही ढवळली जात नाही. प्रवाळावर मात्र कधीही उभे राहू नये.

पांढरे ठिपके म्हणजे भिंगासमोर तरंगणारे, फ्लॅशने उजळलेले कण होत. छातीभर पाण्यात दिवसाचा प्रकाश पुरतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवावा, सूर्य पाठीशी घ्यावा, कॅमेरा माशाच्या पातळीला किंवा किंचित खाली धरावा आणि शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या आसपास ठेवावा. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्यातील जुळणी) त्याच खोलीवर पांढरी पाटी धरून ठरवावा. भर दुपारी लाटांमुळे तळावर प्रकाशाची जाळी हलते. वाळूवर ती शोभते, पण माशाच्या अंगावर पडल्यास चित्र बिघडवते.

प्रश्न : पेटीत पाणी शिरू नये म्हणून काय करावे?

उत्तर : बहुतेक वेळा दोष ओ-रिंगवर, म्हणजे पेटीचे झाकण घट्ट बसवणाऱ्या रबरी कडीवर, अडकलेल्या एखाद्या केसाचा किंवा वाळूच्या कणाचा असतो. पेटी बंद करण्यापूर्वी ती कडी उजेडात तपासावी आणि पहिल्यांदा रिकामी पेटीच गोड्या पाण्यात बुडवून पाहावी. समुद्रातून आल्यावर पेटी न उघडता गोड्या पाण्यात भिजत ठेवावी, कारण मीठ वाळले की बटणे अडकू लागतात.